चिंधी मी दिली होती

आधीच सांगतो, मी रागात आहे, आणि माझा आवाज चढला तर तू घाबरू नकोस, मानसी. फोन ठेव तिथं टेबलावर, रेकॉर्डिंग चालू आहे ना, हां. नाव वसंत. आडनाव लिहिलंस तरी मला चालेल, पण माझ्या मुलाला चालणार नाही, तेव्हा राहू दे. मूळ गाव नगर जिल्ह्यातलं, शेवगावच्या पुढं. वडील जिनिंगमध्ये कामाला, आई घरी, आम्ही चार भावंडं. आमच्या गावाबाहेर ओढ्याच्या काठाला एक पडकं घर होतं, नुसत्या भिंती, वर छप्पर नाही, आणि तिथं जखीण राहते असं आम्हाला सांगितलेलं. आम्ही पोरं तिथून जाताना अंगठा मुठीत दाबून पळायचो. अख्खं लहानपण त्या घरासमोरून पळत काढलं, पण एकदाही कोणाला विचारलं नाही की हे घर कोणाचं होतं, आणि त्यातली माणसं कुठं गेली. हे लक्षात ठेव, पुढं लागेल.

मग पुण्याला शिकलो, केमिस्ट झालो, लग्न झालं, आणि शैलाचा भाऊ इकडे न्यू जर्सीत होता त्याच्या आधारानं आम्ही आलो. पिस्कॅटवेपासून थोडं लांब, जुन्या कालव्याच्या बाजूला आमचं टाउन, त्याचं नाव लिहू नकोस. केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी लागली, तिथूनच रिटायर झालो. तेव्हा आतासारखी मराठी माणसं गल्लोगल्ली नव्हती. मंडळाचा गणपती शाळेच्या जिममध्ये बसायचा, बास्केटबॉलच्या जाळीखाली, आणि आरती संपली की सगळे मिळून जिम झाडून द्यायचो. चांगले दिवस होते, नाही कशाला म्हणू. पण त्याच चांगल्या माणसांनी काय केलं ते मला सांगायचंय, आणि मी काय केलं ते तर सांगायचंच आहे.

कालव्याच्या काठानं पायवाट आहे, तू जातेस ना तिथं पळायला, तीच. त्या वाटेवर ते दगडी घर, ज्याच्यापुढं उभं राहून आता सगळे फोटो काढतात, त्या घराला तेव्हा छप्पर होतं, खिडक्यांना पडदे होते, चिमणीतून धूर यायचा. तिथं ब्रायडी राहायची. एकटी. नवरा रेल्वेत होता, तो गेलेला. ती आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या कुठल्याशा खेड्यातून पोरवयात इकडे आलेली, लोकांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करून जन्म काढलेला. मी कामावरून आलो की त्या वाटेनं फिरायला जायचो, कानटोपी घालून, आणि तिला वाटलं हा माणूस वाट चुकलाय. कुंपणातून हाक मारली, हरवलायस का रे? मी म्हटलं, नाही, फिरतोय. ती म्हणाली, म्हणजे हरवलाच आहेस, ये, चहा घे. आणि काय सांगू तुला, अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदा मला चहा मिळाला. कडक, काळाभोर, वर दूध ओतलेलं. कपात पिशवी बुडवून दिलेलं कोमट पाणी नाही. चहा! मी दोन कप प्यालो आणि तिसरा मागितला.

तर असं जाणं-येणं सुरू झालं. घरी मी सांगितलं नाही. का नाही सांगितलं? काही कारण नव्हतं, सुरुवातीला तर काहीच नव्हतं. तेवढा एक तास माझा होता म्हणून.

ब्रायडी रोज संध्याकाळी उंबऱ्यापाशी बशीत दूध ठेवायची. मी विचारलं, मांजर आहे का? तर म्हणाली, मांजर नाही, चांगल्या माणसांसाठी. कोण चांगली माणसं? तर बोट ओठावर. तिच्या देशातले टेकड्यांत राहणारे, न दिसणारे, पऱ्या-यक्षांसारखे कोणी, त्यांचं खरं नाव घ्यायचं नाही म्हणे, त्यांना राग येतो, म्हणून चांगली माणसं म्हणायचं. मला हसू आलं नाही. माझी आई दिवेलागणीनंतर सापाला साप म्हणायची नाही, लांबडं म्हणायची. देवी आल्या म्हणायचो आपण, रोगाचं नाव घ्यायचो का? मला ब्रायडी कळली ती तिथं कळली. तिच्या घरामागं काटेरी झाड होतं, हॉथॉर्न म्हणतात, मे महिन्यात पांढऱ्या फुलांनी भरून जायचं, आणि त्याला चिंध्या बांधलेल्या. ज्याला दुखणं आहे त्याच्या अंगावरच्या कपड्याची पट्टी बांधायची, ती ऊनपावसानं कुजत जाते तसं दुखणं जातं, अशी तिच्या गावाकडची रीत. तिच्या गावी असं झाड विहिरीपाशी होतं. मी म्हटलं, आमच्याकडे चिंध्यादेवी असते, बाभळीला चिंध्या बांधतात. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी तिच्या माहेरचाच निघालो.

आणि तिनं मला तिच्या गावाजवळच्या पडक्या घरांची गोष्ट सांगितली. ही मला आज सगळ्यात महत्त्वाची वाटते म्हणून नीट लिही. डोंगराच्या उतारावर दहा-बारा दगडी घरं, एकालाही छप्पर नाही, आत अंगाची आग करणारं गवत माजलेलं. गावातले लोक पोरांना सांगायचे, तिन्हीसांजेला तिकडे जाऊ नका, तिथं एक बाई केस विंचरत बसते आणि रडते, आणि तिथला दगड जो उचलून आणेल त्याची गाय आटते. ब्रायडी पण घाबरायची, आम्ही जखिणीला घाबरायचो तशी. मग एकदा तिच्या आजीनं तिला जवळ बसवून सांगितलं, की पोरी, बटाटे जमिनीत सडले त्या दुष्काळात जमीनदाराची माणसं पहारी घेऊन आली आणि लोक आत असताना त्यांच्या डोक्यावरचं छप्पर ओढून पाडलं, आणि त्यातली एक बाई बाळंतीण होती, तिला तशीच गवतावर आणून ठेवली. तीच ती रडणारी बाई. आणि पहारी धरल्या कोणी? जमीनदार थोडाच स्वतः आला होता? गावातलेच होते, शेजारचे. ब्रायडी मला म्हणाली, तिथं भूत कोणी बसवलं ठाऊक आहे? ज्यांच्या हातात पहार होती त्यांनी. म्हणजे कोणी तिकडे फिरकू नये आणि कोणी विचारू नये. पडक्या घरात भुतं नसतात, म्हणाली, पडक्या घराला शेजारी असतात.

मी मान डोलावली. किती सुंदर बोललीस म्हणालो. गाढव! त्या वेळी मला वाटलं ही आयर्लंडची गोष्ट आहे.

मिलिंद तेव्हा चार वर्षांचा. किडनीचा आजार निघाला. सकाळी उठला की तोंड सुजलेलं, डोळे उघडायचे नाहीत, पायात बोट दाबलं तर खड्डा पडायचा. औषधं चालली की उतरायचं, औषधं कमी केली की परत. शैला रात्रंदिवस त्याच्यापाशी. ती पुण्याची, तिचे वडील डॉक्टर, तिला अंगारे-धुपारे बिलकुल चालायचे नाहीत. माझ्या आईनं गावाहून ताईत पाठवला होता तो तिनं पाकिटासकट कचऱ्यात टाकला, आणि मला म्हणाली, हा खेडवळपणा माझ्या घरात नको. पण मला राहवेना. ब्रायडीपाशी मी एकदा रडलो, ती म्हणाली, त्याच्या अंगातल्या शर्टाची एक पट्टी आण. मी घरी गेलो, मिलिंदचा पिवळा शर्ट होता, वाढदिवसाचा, त्याच्या खालच्या कडेची पट्टी कापली. ह्या हातानं. कात्री शैलाची, शिवणाच्या डब्यातली. पट्टी खिशात घालून नेऊन दिली, आणि ब्रायडीनं गाठ मारताना तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटलं आणि कपाळाला, छातीला बोटं लावून क्रूसाची खूण केली. एवढंच. ह्यात चेटूक कुठंय?

मग मंडळाची पिकनिक निघाली, कालव्याच्या काठाला. पंचवीस-तीस माणसं, सतरंज्या, बटाटेवडे, पोरांचा गोंधळ. कोणाचा तरी चेंडू ब्रायडीच्या घरामागं गेला, तो आणायला सुमनवहिनी गेल्या आणि तिथून ओरडत आल्या. शैला, अगं इकडे ये, हा तुझ्या मिलूचा शर्ट नाही का? सगळे धावले. झाडाला चिंध्या, उंबऱ्यावर दूध, झाडाचे हे एवढाले काटे, आणि त्यात माझ्या आजारी पोराच्या शर्टाची पट्टी. शैलाचं तोंड पांढरं पडलं. सुमनवहिनी म्हणाल्या, करणी आहे ही, सरळ सरळ करणी. म्हणून पोरगं बरं होत नाहीये.

तिथं उभे कोण होते ऐक. दोन पीएच.डी., एक डॉक्टर, तीन-चार इंजिनियर. ताईत कचऱ्यात टाकणारी माझी बायको. एकालाही वाटलं नाही की दार वाजवून त्या बाईला विचारावं, आजी, हे काय आहे? आपल्या गावची चिंधी असती तर नमस्कार केला असता, दुसऱ्याची म्हणून ती करणी! आणि मी वड्यांचा डबा हातात धरून उभा. शैलानं मला विचारलं, तुम्ही इकडे फिरायला येता, तुम्हाला माहीत आहे का ही बाई? मी म्हणालो, नाही, येता-जाता हाय करतो फक्त.

शैलानं ती पट्टी ओढून काढली. ती अर्धीअधिक कुजली होती, हे सांगून ठेवतो, त्याचं काय समजायचं ते तू समज. मिलिंद औषधांनी बरा झाला असं मी मानतो. पण पट्टी कुजली होती.

कोणीतरी पोलिसाला बोलावलं. आम्ही सगळे तिच्या दारात. ब्रायडी बाहेर आली, हाताला पीठ लागलेलं, पाव मळत असणार. पोलिसानं पट्टी दाखवून विचारलं, हे तुझ्याकडे कुठून आलं? तिनं माझ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं. मी पायपुसण्याकडे बघायला लागलो. तिला वाटलं असेल मी आता बोलेन. मला पण वाटत होतं मी आता बोलेन. पण समोर शैला, मागं ते सगळे शिकलेले, आणि मला एकच भीती, की हे मला अडाणी म्हणतील, खेडवळ म्हणतील. ते करणीला घाबरलेले, आणि मी त्यांना घाबरलेलो. मग ब्रायडी पोलिसाला म्हणाली, ह्यांच्या अंगणात शर्ट दोरीवर वाळत होता, त्याची पट्टी मी कापून घेतली. पोराचं दुखणं ऐकलं होतं म्हणून.

माझ्यासाठी खोटं बोलली ती. चोरी अंगावर घेतली. आणि शैला पुढं गेली आणि तिच्या पायाशी थुंकली. पोलिसानं ब्रायडीलाच समज दिली, आम्ही सतरंज्या गोळा केल्या आणि घरी आलो. शैलानं मीठ-मोहरी उतरवून टाकली. खेडवळपणा नको म्हणणाऱ्या शैलानं!

पुढचं तू ओळखशील. मंडळात गोष्ट पसरली, मंडळातून शाळेत, शाळेतून गोऱ्या पोरांत. त्या हॅलोविनला तिच्या दारावर अंडी फोडली, खिडकीवर दगड मारले. दुसऱ्या दिवशी मी गाडीतून जाताना ती काचा झाडत होती. तिनं हात वर केला. मी गाडी थांबवली नाही. मग तिची कोणी भाची आली आणि तिला घेऊन गेली, पेनसिल्व्हेनियात असं ऐकलं. पुढं काय झालं मला कळलं नाही. खोटं कशाला बोलू, मी कळून घेतलं नाही. एका थंडीत बर्फानं छप्पर खाली आलं, आणि झालं, पडकं घर तयार झालं. आता त्याला फक्त भूत पाहिजे होतं, आणि भूत तर आम्ही आधीच देऊन ठेवलेलं.

आता ती रॅग विच झाली आहे. चिंधीवाली चेटकीण. तुझ्या मुलांना पण माहीत असेल. आजारी पोरांचे कपडे चोरायची, म्हणे. प्रत्येक चिंधीमागं एक मेलेलं पोर आहे, म्हणे. तिच्या विहिरीत हाडं सापडली, म्हणे. अरे, तिथं विहीरच नव्हती! विहीर तिच्या गावाला होती, आयर्लंडात, आणि ते फक्त मला माहीत होतं, मग ही विहीर आली कुठून? माझ्याच तोंडून कधीतरी निसटली असेल. म्हणजे त्यात पण मीच. आणि सगळ्यात वर कळस म्हणजे ही गोष्ट सांगतो कोण, तर माझा मुलगा. पंचेचाळिशी ओलांडलेला, फिजिकल थेरपिस्ट, दोन मुलांचा बाप, दर ऑक्टोबरात काळा झगा घालून, कंदील घेऊन टाउनच्या लोकांना त्या वाटेवरून नेतो आणि सांगतो, आय वॉज द बॉय. मी वाचलो, बाकीचे वाचले नाहीत. बाकीचे कोण रे? कोण बाकीचे?

इतकी वर्षं मी हे ऐकलं. फराळ खाता खाता ऐकलं. मागच्या ऑक्टोबरात मिलिंद म्हणाला, बाबा, या वर्षी टाउन तिथं कायमचा बोर्ड लावतंय, रॅग विच हाउस, तुम्ही या ना टूरला, यू आर द आयविटनेस, लोकांना खूप आवडेल. मी म्हटलं येतो. शैला पण आली. मिलिंदनं गोष्ट रंगवली, पोरं किंचाळली, आणि मग त्यानं माइक माझ्या हातात दिला. मी म्हणालो, ही बाई चेटकीण नव्हती. हिचं नाव ब्रायडी. हिनं काही चोरलं नाही. तो शर्ट मी कापला, चिंधी मी दिली होती, मुलगा बरा व्हावा म्हणून, आणि पोलिसापुढं मी तोंड उघडलं नाही, म्हणून हिनं चोरी स्वतःवर घेतली.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, मानसी! टाळ्या! एकजण माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, ग्रेट ट्विस्ट, अंकल. पुढच्या शनिवारी मिलिंदच्या गोष्टीत नवीन भर पडलेली, की चेटकिणीनं बापावर पण भुरळ घातली आणि त्याच्याच हातून पोराचा शर्ट कापवून घेतला. खरं सांगितलं तर ते पण गिळलं त्या गोष्टीनं. मी गाडीत मिलिंदवर ओरडलो, तर तो म्हणतो, बाबा, रिलॅक्स, इट्स फोकलोर, ती केव्हाच वारली असेल, नोबडी इज गेटिंग हर्ट. मी म्हटलं, मी आहे अजून जिवंत. बोर्डवाल्या ऑफिसात गेलो, तिथली बाई फार गोड बोलली, म्हणाली, सर, वी लव्ह युअर व्हर्जन. व्हर्जन! म्हणाली, तुमच्याकडे काही कागदोपत्री पुरावा आहे का? मी म्हटलं, मी आहे ना, माझ्याकडे बघ, मी आहे. तिनं फार तर वर एक ओळ घालू म्हणून सांगितलं, दंतकथेनुसार. आणि बोर्ड लागला. दंतकथेनुसार माझी मैत्रीण पोरं मारायची. सगळ्यांनी तिच्या नावाचं भूत केलं, आणि एकानं, एकानंसुद्धा मला विचारलं नाही की ती पाव कसला भाजायची, हसायची कशी.

आणि शैला? ती त्या आतल्या खोलीत आहे, ऐकतेय, ऐकू दे. टूरवरून घरी आल्यावर ती मला एवढंच म्हणाली, मी थुंकले होते तिच्यावर, आणि तुम्ही बघत उभे होतात. मग दिवाळी अख्खी बोलली नाही. चकल्या केल्या, करंज्या केल्या, ताट माझ्यापुढं सरकवलं, पण शब्द नाही. मी म्हटलं, ब्रायडी गेली तशी ही पण गेली. आणि या वर्षी ऑक्टोबर लागला, पहिला शनिवार, संध्याकाळी तिनं गॅरेजमधून नातवंडांच्या सॉकरला न्यायच्या त्या घडीच्या दोन खुर्च्या काढल्या, थर्मास भरला, आणि गाडीपाशी उभी राहिली. मी म्हटलं, कुठं? म्हणाली, चला, मुकाट्यानं चला, तुमचं मुकं राहणं पुष्कळ झालं, पण आत्तापुरतं मुकाट्यानं चला.

आता आम्ही दर शनिवारी तिथं बसतो. बोर्डाच्या बरोबर पुढं, म्हणजे तो वाचायचा तर आमच्या डोक्यावरून वाकून वाचावा लागतो. टूर आली की शैला उभी राहते, गुडघे दुखतात तरी उभी राहते, आणि तिच्या पुण्याच्या इंग्रजीत मिलिंदच्या गोष्टीच्या मध्येच बोलायला लागते. एक्स्क्यूज मी, धिस इज माय सन, ही इज टेलिंग लाय. हर नेम वॉज ब्रायडी. आय स्पॅट ऑन हर. मिलिंद म्हणतो, आई, प्लीज! ती म्हणते, प्लीज काय, तू गप, तुझी तर किडनी होती. लोक हसतात. काही जण आमचे फोटो काढतात. परवा एक पोरगी चहा मागून प्यायली आणि म्हणाली, व्हेरी स्ट्राँग. मी म्हटलं, असाच असतो तो.

मला माहीत आहे पुढं काय होणार. आम्ही मेलो की लोक म्हणतील, त्या पडक्या घरापाशी एक म्हातारा-म्हातारी खुर्च्या टाकून बसलेले दिसतात, चहा विचारतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगतात की ती चेटकीण नव्हती. पोरं अंगठा मुठीत धरून पळतील. पळू देत. एवढ्या वर्षांनी त्या जागेला खरं बोलणारं भूत तरी मिळेल.

बंद कर तो फोन आता, मानसी. तुझी पोरं सुखी राहोत, कधी आजारी न पडोत. आणि पळायला जाशील तेव्हा त्या काटेरी झाडाकडे नीट बघ, ते अजून आहे, घर पडलं तरी ते पडलं नाही. शैलानं काल त्याला काय बांधलं ते मी विचारलं नाही. पण तिच्या त्या हिरव्या नारायणपेठी साडीचा पदर आज एका बाजूनं कमी दिसतोय.